बदक आहे तोवर

सोमवार, ता. ४

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, राग आला की माणसांवर काढू नका, वहीत काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. पहिलाच राग बदकाचा.

लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात, फारच हौस असली तर काचेच्या पेटीत मासे ठेवतात. आमच्या घरात बदक आहे. हा सासूबाईंचा उद्योग. कुठून तरी अंडं पैदा केलं, माझ्या शिवणयंत्राचा दिवा काढून खोक्यात लावला, आणि पिल्लू बाहेर यायच्या आत स्वतः गेल्या. घर भेटायला आलेल्यांनी भरलेलं, आणि मी मागच्या खोलीत एकाची पँट आखूड करत बसले होते. गिऱ्हाइकाला कुणाचं मरण दिसत नाही, त्याला पँट दिसते. तेवढ्यात टरफल फुटलं. या जातीला म्हणे डोळे उघडल्यावर जे पहिलं दिसेल ती आपली आई वाटते. मी दिसले. मला मूल झालं नाही, ते नाहीच, आणि झालं तर हे असलं! तेव्हापासून ते माझ्या टाचेला चिकटलंय. लाथेनं बाजूला सारलं तरी पुन्हा येतं. माझा आवाज कुठूनही कानावर पडला की धावत सुटतं, दुसऱ्या कुणालाही भीक घालत नाही.

पण लाड करतात ते मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्याला पिल्लू म्हणतात. एवढं पिंपासारखं फुगलंय, तरी पिल्लूच. ह्यांनी मागे वृद्धाश्रमाचं बोलणं काढलं, चांगली जागा आहे, स्वच्छ, मागे टेकडी, फक्त प्राणी चालत नाहीत. तर मामंजी चार माणसांसमोर म्हणाले, "बदक आहे तोवर मी इथनं हलणार नाही. ते गेलं की मला कुठंही नेऊन टाका." झालं. बदकं म्हणे बारा-पंधरा वर्षं सहज जगतात.

आज सकाळी परसाच्या फाटकाची कडी उघडी राहिली आणि बदक गेलं. मामंजी अजून शोधतायत. कडी मी लावायची विसरले, असं सगळ्यांना सांगितलंय. वहीत तरी खरं लिहावं. विसरले नाही.

मंगळवार, ता. ५

आज आख्खी कॉलनी कामाला लागली. बदक गेलंय कुठं, तर चार घरं सोडून. दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात त्यांच्या बंद पडलेल्या मोटारीखाली. माणूस जवळ गेला की दुसऱ्या टोकानं निघतं, कुंपणाच्या मेंदीत घुसतं, आणि लोक दमून चहाला गेले की परत मोटारीखाली. सेक्रेटरी गळ्यात शिट्टी अडकवून आले होते. शिट्टीचा बदकाशी काय संबंध, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नाही. एकानं चादर आणली, दोघांनी बॅडमिंटनची जाळी धरली, आणि सेक्रेटरी शिट्टी वाजवून "डावीकडून! डावीकडून!" ओरडत होते. जाळीत शेवटी सेक्रेटरीच अडकले. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, पण आवाज न करता हसावं लागलं.

कारण ते माझ्या आवाजाला येतं! नुसतं "अहो" म्हटलं असतं तरी दुडदुडत घरी आलं असतं. म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या आणि दिवसभर मुकी झाले. गिऱ्हाईक आलं तर खुणेनं बोलले. घसा बसलाय, असं एका कागदावर लिहून दारालाच लावलं.

मामंजी मात्र भर उन्हात मोटारीपाशी उकिडवे बसून हाका मारत होते. "पिल्लू, ए पिल्लू." बदक त्यांच्याकडे बघत होतं आणि जागचं हलत नव्हतं. गंमत वाटली.

संध्याकाळी ह्यांनाही खुणेनंच जेवायला बोलावलं. म्हणाले, "बरं वाटतंय. अशीच राहत जा."

बुधवार, ता. ६

मामंजी जेवले नाहीत. सकाळी माझ्या मशीनशेजारी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तू एक हाक मार गं. एकच. माझ्याच्यानं ते येत नाही."

मी गळ्याला हात लावून दाखवला.

"बसलाय होय अजून? अरे अरे." आणि गेले. मला वाटलं सुटले. तर थोड्या वेळानं गरम पाण्याचं भांडं घेऊन आले, मीठ घातलेलं. हात थरथरतात, निम्मं पाणी वाटेतच सांडलेलं, बोटं लाल झालेली. "गुळण्या कर. बरं वाटेल." समोरच उभे राहिले, मी करेपर्यंत. करणं भाग होतं. घशाला काही झालेलं नसताना खाऱ्या पाण्याच्या गुळण्या करण्यासारखी शिक्षा नाही. सांडलेलं पाणी मग मलाच पुसावं लागलं.

असा राग आला. चांगुलपणा अंगावर ओतून माणसाला ओशाळं करायचं, ही मामंजींची जुनी खोड.

शुक्रवार, ता. ८

आज मामंजींविषयी एकदा नीट लिहूनच टाकते.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यामुळे कान तयार. कुठं खुट्ट झालं की उठून बसतात. मागची खोली त्यांची, हवेशीर, दोन खिडक्या. पण सासूबाई गेल्या तशी खाट उचलून आणली आणि पॅसेजमध्ये टाकली, आमच्या खोलीच्या दाराला लागून. म्हणे तिथं वारा येतो. पॅसेजमध्ये कसला वारा! चोरून ऐकायचं असतं, दुसरं काय. ह्यांचा आवाज जरा चढला की बाहेर खोकला सुरू. "सूनबाई, पाणी दे गं." पाण्याचा तांब्या उशाशी भरलेला असतो. नवराबायकोच्या बोलण्यात नाक खुपसायचं, त्याला वेळकाळ नाही. आणि तिकडे परसात ते बदक. ह्यांनी आवाज चढवला की असा गोंगाट करायचं की समोरच्या घरातले लोक गॅलरीत येऊन बघायचे. मग हे चिडायचे आणि तसेच बाहेर निघून जायचे.

काल सदऱ्याला इस्त्रीचा डाग पडला. माझी चूक. ह्यांनी विचारलं, "डोळे कुठं होते?" आणि इस्त्री उचलली. परसात बदक नव्हतं, त्यामुळे शांतता होती. पण खोकला आलाच. पाठोपाठ स्वतः मामंजी आत. दार न वाजवता! "पाणी संपलंय." हे इस्त्री खाली ठेवून निघून गेले. मी मामंजींना म्हटलं, घसा बसलेला असूनही म्हटलं, "तुम्हाला काही लाज?" तर म्हणाले, "नाही गं. या वयात नाही."

हे मुळात असे नाहीत. विम्याच्या ऑफिसात ह्यांच्याइतका गोड बोलणारा माणूस नाही. कॉलनीत कुणाची गाडी ठोकली गेली की आधी ह्यांच्याकडे येतात. घरात सतत तिसरा माणूस असला की कुणाचंही डोकं फिरेल. मी डॉक्टरीणबाईंनाही हेच सांगितलं, त्यांनी विचारलं होतं घरी सगळं ठीक ना. आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही. मागे माझा पुढचा दात तुटला, दाराची कड लागून, तेव्हा दात बसवून झाल्यावर त्या आरशात माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. लोकांना कुतूहल फार.

शनिवार, ता. ९

मामंजी पडले. बदक मोटारीखालून निघून गटाराकडे पळालं, मामंजी त्याच्या मागे धावले, आणि पाय गेला. गुडघा सोलवटला, चष्मा फुटला. चार जणांनी उचलून घरी आणलं. सेक्रेटरींचा चेहरा पडला होता, शिट्टी खिशात.

ह्यांनी सगळ्यांसमोर मामंजींचा पाय मांडीवर घेतला, जखम धुतली, फुंकर घातली. बायका बघत राहिल्या. एक जण म्हणाली, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. लोक गेल्यावर ह्यांनी दार लावलं आणि बोळा बादलीत फेकला.

"कॉलनीत तमाशा झालाय माझा. दोन-चार दिवसांत निकाल लाव त्या बदकाचा."

मी म्हटलं, "लावते."

मग जवळ आले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "घरात आता आपण दोघंच असावं. बास झालं हे सगळं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी म्हणाले नव्हते. आपण दोघंच. मला एकदम भरून आलं. लग्न झाल्यापासून हे घर सासू, सासरे, पाहुणे आणि बदक यांनी भरलेलं. दोघंच असलो की हे वेगळे होतील. मला ठाऊक आहे. हसतील, बोलतील, मला सिनेमाला नेतील. चिडतात ते त्या म्हाताऱ्याच्या खोकल्यामुळे.

मामंजी पॅसेजमधून विचारत होते, "सूनबाई, बरी आहेस ना?" गुडघा त्यांचा फुटलाय आणि चौकशी माझी!

मंगळवार, ता. १२

आज केलं.

दुपारी मामंजी औषधाच्या गुंगीत होते. मी भाजीची मोठी पिशवी घेतली आणि गेले. भर दुपारी कुणी नसेल असं वाटलं होतं, पण माझं नशीब! सेक्रेटरी, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि आणखी तीन-चार जण मोटारीभोवती जाळी लावून बसलेले. आता मागे फिरावं तरी कसं? मोटारीपासून बऱ्याच लांब उभी राहून म्हटलं, "ये."

एवढंच. मोठ्यानंही नाही.

मोटारीखालून ते असं निघालं की जाळी, चादर, सेक्रेटरी, सगळ्यांच्या मधून सरळ. पंख पसरून, मान पुढे काढून, धडपडत, ओरडत. इतके दिवस उपाशीच असणार. वजन निम्मं झालेलं, एका पायाला जखम. येऊन माझ्या पावलांवर बसलं आणि चोच माझ्या साडीच्या काठात घातली, लहान असताना घालायचं तशी. सगळे टाळ्या वाजवायला लागले. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तुम्हीच का नाही आलात आधी?" मी म्हटलं, घसा.

"आजोबांना किती आनंद होईल!" सेक्रेटरी म्हणाले.

"पायाला लागलंय, आधी दवाखान्यात दाखवून आणते," मी म्हटलं आणि पिशवीत घातलं. पिशवीत चुपचाप बसलं. माझ्या हातून काहीही चालतं त्याला.

चौकापलीकडे कोंबडीवाल्याचं दुकान आहे. तो म्हणाला, "कापून देऊ का, बाई? बदकाला सोलायला वेळ लागतो, बसा पाच मिनिटं."

"मला नको. तुम्हीच ठेवा. विका, खा, काय वाटेल ते करा."

त्यानं पाय बांधून फरशीवर ठेवलं. मी वळले तर ते निघालं मागे, बांधलेल्या पायांनी, छातीवर घसटत. उंबऱ्यापर्यंत आलं. कोंबडीवाला हसला, म्हणाला, "बाई, हे तर तुमच्या ओळखीचं दिसतंय!" आणि पंखाला धरून मागे ओढलं. मग जे ओरडायला लागलं ते चौकापर्यंत ऐकू येत होतं. एका जागी थांबलं.

मी भाजी घेऊन घरी आले. पिशवी ओट्यावर आपटली. रागानंच. एखाद्या जनावरानं इतकं मागे लागायचं म्हणजे काय? कुणी सांगितलं होतं?

बुधवार, ता. १३

सकाळी मामंजींना सांगितलं की बदक कुत्र्यानं नेलं.

"कुठल्या?"

"काळ्या." कॉलनीत काळं कुत्रं आहे की नाही, देव जाणे.

मी चहा पुढे केला. तेवढ्यात दार वाजलं, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई हजर, हातात पावाचे तुकडे, पिल्लूसाठी!

"आजोबा, काल तुम्ही बघायला हवं होतं! आम्ही इतके जण जाळी लावून बसलो होतो, आणि तुमच्या सूनबाईंनी नुसतं 'ये' म्हटलं. असं धावत आलं! काय म्हणाले दवाखान्यात? पाय बरा होईल ना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, आता म्हातारा कॉलनी गोळा करणार. मी कपाकडे बघत उभी राहिले.

मामंजी म्हणाले, "आलं ना हिच्याकडे? येणारच." मग म्हणाले, "पाय बरा आहे. झोपलंय ते. पाव इथं ठेवा, मी देतो उठल्यावर."

त्या गेल्या. मामंजींनी चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि मागच्या खोलीतून आपली जुनी बॅग काढली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. निदान मला उलट ओरडता आलं असतं.

पावाचे तुकडे ओट्यावर तसेच आहेत. मी टाकणार नाही. त्यांनीच टाकावेत.

शनिवार, ता. १६

मामंजींना पोचवून आलो. खोली छान आहे, खिडकीतून टेकडी दिसते. ह्यांनी तिथल्या बाईंशी इतकं छान बोलणं केलं की त्या मामंजींना म्हणाल्या, "नशीबवान आहात."

हे सह्या करायला आत गेले तेव्हा मामंजी माझ्याशी बोलले, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"सूनबाई, तुझी धाकटी बहीण कुठं असते गं?"

"लांब. का?"

"जाऊन राहा तिच्याकडे. थोडे दिवस. आजच जा. इथनंच परस्पर जा."

"मी कशाला जाऊ? घर कोण बघणार?"

"मी बदकासाठी नव्हतो थांबलो," म्हणाले.

"मग कशासाठी? माझ्या हातचं जेवण गोड लागायचं म्हणून?"

माझा हात धरला त्यांनी. मी हात झटकला नाही, कारण तिथल्या बाई बघत होत्या. "मी त्याला लहानपणापासून ओळखतो. माझा पोरगा आहे तो," म्हणाले आणि रडायला लागले. तेवढ्यात हे आले. मामंजींनी लगेच डोळे पुसले आणि टेकडीकडे बघायला लागले. शिकलेला माणूस, पण जाता जाता मुलाविषयी सुनेच्या मनात विष कालवल्याशिवाय राहवलं नाही. म्हातारपण वाईट.

गाडीत हे शीळ घालत होते. मी हळूच विचारलं, रविवारी सिनेमाला जायचं का? म्हणाले, बघू.

मंगळवार, ता. १९

पॅसेजमधली खाट ह्यांनी रविवारीच भंगारवाल्याला दिली. पॅसेज मोठा दिसतो. घर कसं शांत आहे. सिनेमाचं राहिलं, ह्यांना काम होतं.

आज हे दुपारी जेवायला घरी आले. मला बरं वाटलं, एरवी कधी येत नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. चूक माझीच, मशीनवर काम होतं आणि दोनदा घातलं गेलं. ह्यांनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. उठले, पुढच्या दाराला कडी लावली. मग परसाच्या दाराला. मग खिडक्या, एकेक, सावकाश. मला वाटलं ऊन येतंय म्हणून लावतायत. मग बाह्या दुमडत माझ्याकडे आले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी!"

कसं निघालं कळलं नाही. मी त्यांना कधी हाक मारत नसे, तेच मारायचे. हे थांबले आणि हसायला लागले. इतके मनापासून हसताना मी ह्यांना लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"मार ना," म्हणाले. "आणखी मोठ्यानं मार. बघू कोण येतंय."

मी मारली. पुष्कळ वेळा मारली.

आता चार वाजलेत. हे ऑफिसला परत गेले, जाताना समोरच्यांशी फाटकाशी उभं राहून बोलत होते, ऐकू येत होतं. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत म्हणून डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. संध्याकाळी एका गिऱ्हाइकाची पँट द्यायची होती, ती आज होणार नाही.